ओमानचं सरकार कागदावर कसं आलं? : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

गेल्या अंकात मी मस्कतच्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या. १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं मी तिथल्या एका मंत्रालयाच्या लेखा शाखेत होतो. मूळचा देवरुखचा, आता पुन्हा देवरुखलाच असतो. त्या लेखावर बरीच पत्रं आली. बहुतेकांना तिथल्या उन्हापेक्षा तिथलं सरकार कसं चालतं याची उत्सुकता दिसली, याचा मला मनापासून आनंद झाला. पाच पत्रांना इथे उत्तर देतो.

प्रश्न : १९७० पूर्वी ओमानात काहीच नव्हतं, सगळं नव्या सुलतानानं, म्हणजे काबूसनी, उभं केलं, असं माझा भाचा सांगतो. चावडी नाही, दप्तर नाही, तर गावगाडा चालायचा कसा?
(एक निवृत्त तलाठी, कुडाळ)

भाऊ, हा प्रश्न तलाठ्यालाच सुचावा. तुमच्या भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. १९७० साली अख्ख्या देशात शाळा तीन, त्यांत मुलगे नऊशेच्या आसपास आणि मुलगी एकही नाही. डांबरी रस्ता साधारण दहा किलोमीटर. इस्पितळ म्हणजे मस्कतशेजारच्या मत्रहचं, अमेरिकन मिशनचं. सूर्य मावळल्यावर तीन तासांनी मिरानी किल्ल्यावरून तोफ व्हायची आणि मस्कतच्या वेशीचे दरवाजे बंद व्हायचे. त्यानंतर रस्त्यावर यायचं तर हातात कंदील हवाच. आमच्या कचेरीत एक म्हातारा फराश होता, फराश म्हणजे आपला शिपाई. त्यानं मला एकदा रिकामा हात वर धरून दाखवलं होतं : कंदील असा तोंडाजवळ धरायचा, म्हणजे पहारेकऱ्याला चेहरा दिसतो. हे तो १९८० साली, विजेच्या दिव्याखाली उभा राहून सांगत होता. मध्ये फक्त दहा वर्षं गेली होती.

पण 'काहीच नव्हतं' हे मला मान्य नाही. निझवाकडच्या, म्हणजे आतल्या डोंगराळ भागातल्या, गावांत मी फलज पाहिले. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या आणि वरच्या पाटांनी खजुराच्या बागांपर्यंत आणायची ती व्यवस्था, शेकडो वर्षांची. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी असते तशीच तिथे असते, पण हिशेब फार बारीक. पाळीच्या मापाला 'अथर' म्हणतात, साधारण अर्ध्या तासाचा. दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवर वेळ मोजायची, रात्री ताऱ्यांवर. पाणी सोडणारा 'अरीफ' वेगळा आणि सगळ्या फलजचा कारभार बघणारा 'वकील' वेगळा. काही पाळ्यांचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून पाटाची डागडुजी. कोणाची पाळी कधी, कोणी कोणाला विकली, कोणाकडून वारसाला गेली, हे सगळं नोंदलेलं किंवा चारचौघांना तोंडपाठ. त्या वकिलाला तुमचा सातबारा दाखवला असता तर समजावून सांगायची गरज पडली नसती.

गावाच्या वर वाली, म्हणजे सुलतानाचा जिल्ह्यातला माणूस, आणि न्यायाला काझी. वालीची बैठक भरायची तिला 'बर्झा' म्हणत. कोणीही यावं, सलाम करावा, कॉफी घ्यावी आणि गाऱ्हाणं मांडावं. आतल्या डोंगराळ भागात तर १९५० च्या दशकापर्यंत सुलतानाचा हुकूम फारसा चालतच नव्हता. तिथे इस्लामातल्या इबादी पंथाचा इमाम असे आणि तो जाणत्या लोकांनी निवडलेला असे. १९२० च्या सीबच्या तहानं दोन्ही बाजूंनी ही वाटणी मान्य केली होती. ती मोडली जबल अख्दरच्या लढाईत, १९५९ साली.

खरी पोकळी होती ती वरच्या अंगाला. सुलतान सईद बिन तैमूर १९५८ पासून दक्षिणेकडच्या सलालाच्या राजवाड्यात राहायला गेले ते मस्कतला परतलेच नाहीत. मस्कत तिथून हजारएक किलोमीटर. सलालातून कारभार चालायचा आणि परदेशी जायचं म्हटलं तरी परवानगी त्यांचीच. मी हिशेबातला माणूस, म्हणून या सुलतानाबद्दल मला थोडं वेगळं वाटतं. ते १९३२ मध्ये गादीवर आले तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे होते, अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेले. वडिलांनी गादी सोडली. ते पुढे मुंबईत राहिले आणि १९६५ मध्ये मुंबईतच वारले. मुलाच्या पदरात पडलं ते कर्ज. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, मस्कत बंदराच्या जकातीचा मक्ताच कच्छी भाटिया व्यापाऱ्यांकडे असायचा. राज्याची मुख्य मिळकत मक्त्यानं दिलेली, म्हणजे स्वतःचा खजिना असा नाहीच. सईदांनी कर्ज फेडलं, हात आखडता घेतला, आणि तो पुढे कधी सैल केलाच नाही. १९६७ मध्ये मस्कतजवळच्या मीना अल फहल बंदराहून तेलाचं पहिलं जहाज गेलं, पैसा येऊ लागला, तरी शाळा तीनच राहिल्या. कर्जाची भीती मी समजू शकतो. मुलींना शाळा न देणं मला समजत नाही.

प्रश्न : आपला रुपया तिथे चालायचा म्हणतात, ते खरं का?
(एक वाचक, ठाणे)

खरं आहे, ताई. बराच काळ आपलाच रुपया चालला. पुढे सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालायला १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, त्यांच्या क्रमांकाआधी 'झेड' अक्षर असायचं. आतल्या भागात मारिया थेरेसाचे चांदीचे डॉलरही चालत. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तशी तोवर रुपयावर राहिलेली आखातातली इतर राज्यंही तो सोडून गेली. ओमाननं १९७० मध्ये स्वतःचा रियाल काढला. मध्यवर्ती बँकेचा कायदा १९७४ चा, बँक सुरू झाली १९७५ मध्ये. मस्कतचं टपालही १८६४ पासून १९४७ पर्यंत भारतीय टपाल खात्याचं, १९४८ पासून ब्रिटिशांचं, आणि ते ओमानच्या ताब्यात आलं १९६६ मध्ये.

पण आपला पैसा तिथे अजून आहे. एका रियालच्या हजार बैसा होतात आणि बैसा म्हणजे आपला पैसाच. त्यामुळे तिथल्या रोजकीर्दीत दशांश चिन्हापुढे तीन घरं असतात. आपल्याकडून गेलेल्या प्रत्येक कारकुनाला पहिला महिनाभर तिसरं घर आखायची आठवण ठेवावी लागते.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. ओमानात मंत्रिमंडळ, संसद, राज्यघटना कोणत्या क्रमानं आलं? लक्षात राहील असं सांगाल का?
(एक विद्यार्थिनी, पुणे)

तू माझ्या नातीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणतो. सनावळी सांगतो, पण आधी नव्या मंत्रालयांतली टेबलं कोणी भरली ते ऐक. पुस्तकात सनावळी सापडेल, ही गोष्ट सापडणार नाही.

२३ जुलै १९७० रोजी सलालात काबूस बिन सईद यांनी वडिलांना बाजूला करून गादी घेतली. ऑगस्टमध्ये चार मंत्रालयं निघाली : शिक्षण, आरोग्य, अंतर्गत कारभार आणि न्याय. चुलते तारिक बिन तैमूर परदेशातून परतले आणि पंतप्रधान झाले. पण खजिना, सैन्य आणि परराष्ट्र कारभार सुलतानाच्या हाती, मग पंतप्रधानानं करायचं काय? दीडेक वर्षात ते पायउतार झाले. तेव्हापासून ओमानात पंतप्रधानपद सुलतानाकडेच आहे. १९७१ मध्ये देश अरब लीगमध्ये आणि संयुक्त राष्ट्रसंघात गेला.

मंत्रालयाची पाटी एका दिवसात लागते. पाटीखाली बसायला माणूस कुठून आणायचा? तीन शाळांतून किती कारकून निघणार! म्हणून काबूसनी बाहेर गेलेल्या ओमानींना परत बोलावलं. त्यांत झांजिबारहून आलेले बरेच होते. १९६४ च्या क्रांतीत ते तिथून उखडले गेले होते. इंग्रजी उत्तम, टंकलेखन येतं, घरात बोलतात स्वाहिली. त्यांच्या जोडीला इजिप्त, सुदान, जॉर्डनचे लोक, इंग्रज सल्लागार आणि हिशेबाला आम्ही भारतीय. मी रुजू झालो तेव्हा आमच्या एका खोलीत पाच भाषा चालायच्या आणि कागद मात्र अरबीत. आवक नोंदवहीवर 'वारिद' आणि जावकवर 'सादिर'. दोन्ही वह्या उजवीकडून उघडायच्या. त्या वह्यांचं मला अजून फार अप्रूप आहे. कागद आला की तारीख, क्रमांक, कोणाकडून, कशाबद्दल, किती सहपत्रं, आणि शेवटच्या घरात घेणाऱ्याची सही. सही येत नसेल तर अंगठा. बर्झात बोललेला शब्द वालीबरोबर बदलून जायचा. वहीत चढलेल्या अर्जाला क्रमांक मिळायचा, आणि मग वाली बदलला तरी माणूस तो क्रमांक घेऊन यायचा आणि माझ्या कागदाचं काय झालं म्हणून विचारायचा.

आणि एक गंमत वाटली ती सांगतो. कचेरीतले अर्धे शब्द मला पाठच होते : दफ्तर, हिसाब, तारीख, मुद्दत. आपल्याकडे ते पेशवाईच्याही आधीपासून आहेत. फक्त अर्थ जपून घ्यायचे. तिथे 'वकील' म्हणजे मंत्रालयाचा सचिव, कोर्टातला तो 'मुहामी'. आपण जकात म्हणतो ती तिथे 'जमारिक', कारण त्यांची 'झकात' म्हणजे धर्मानं सांगितलेलं दान.

आता सनावळ. १९७२ पासून राजपत्र निघू लागलं. सुलतानाचे हुकूम क्रमांकानं छापले जाऊ लागले. माझ्या मते ही मंत्रालयांइतकीच मोठी गोष्ट आहे. १९७५ मध्ये राज्याच्या प्रशासनयंत्रणेचा कायदा झाला आणि त्याच वर्षअखेर दक्षिणेकडच्या धोफार प्रांतातलं दहा वर्षांचं युद्ध संपल्याचं जाहीर झालं. १९८१ मध्ये ४५ जणांची सल्लागार परिषद आली, सगळे नेमलेले. १९९१ मध्ये तिच्या जागी मजलिस अल् शूरा, म्हणजे सल्लामसलतीची सभा, आली. सरकारी अधिकाऱ्यांना तिथे जागा नाही आणि दर विलायतीचा, म्हणजे तालुक्याचा, एक प्रतिनिधी. विलायतीतल्या प्रमुख लोकांनी तीन नावं द्यायची आणि वरून एक निवडायचं.

१९९३ च्या डिसेंबरात देशाची पहिली जनगणना झाली. मस्कतमधल्या रुवी भागातल्या आमच्या खोलीवर एक तरुण शाळामास्तर फॉर्म घेऊन आला होता. बूट दाराबाहेर काढले, पाणी मागितलं, आणि आम्हा सहा जणांची नावं, वय, शिक्षण अरबीत उतरवताना 'रत्नागिरी' तीनदा विचारून घेतलं. लोकसंख्या २० लाखांच्या थोडी वर निघाली, त्यात चौथा हिस्साभर आमच्यासारखे बाहेरचे. पुढच्याच वर्षी शूरामध्ये तीस हजारांवर वस्तीच्या विलायतींना दोन-दोन जागा मिळाल्या. आधी शिरगणती, मग जागावाटप, हा क्रम मी डोळ्यांसमोर पाहिला. १९९४ मध्येच मस्कत भागातून दोन स्त्रिया शूरामध्ये गेल्या.

नोव्हेंबर १९९६ मध्ये राज्याचा मूलभूत कायदा आला, ८१ कलमांचा. त्याला तू राज्यघटना म्हणू शकतेस, पण तो कोणत्या सभेनं मंजूर केलेला नाही, सुलतानाच्या हुकुमानं आला. १९९७ मध्ये नेमलेलं वरचं सभागृह, मजलिस अल् दौला. २००३ मध्ये एकवीस वर्षांवरच्या सगळ्या नागरिकांना मत. २०२१ मध्ये नवा मूलभूत कायदा आणि युवराजाचं पद. २०२३ ची शूरा निवडणूक लोकांनी मोबाईलवरून मत देऊन केली. एवढं लक्षात राहिलं तरी पेपरात पुरेल.

प्रश्न : राजाच सर्वेसर्वा असेल तर ही मंत्रालयं, ही शूरा म्हणजे नुसता देखावाच ना?
(एक वाचक, नाशिक)

तुमचं पत्र जरा रागाचं आहे, आणि राग चुकीचा नाही. आधी तुमच्या बाजूचं सांगतो. ओमानात राजकीय पक्षांना परवानगी नाही. सुलतानावर टीका हा गुन्हा आहे. संरक्षण आणि परराष्ट्र धोरणाला शूरानं हात लावायचा नाही, सेवा देणाऱ्या खात्यांच्या मंत्र्यांना प्रश्न विचारायचे. काबूस यांच्या काळात अर्थखातं आणि परराष्ट्रखातं सांभाळणाऱ्यांचा हुद्दाही सरळ मंत्री असा नव्हता. 'अर्थविषयक कामकाजाचे जबाबदार मंत्री' असा होता, कारण खरे मंत्री सुलतान स्वतः. २०११ मध्ये सोहार शहराच्या चौकात तरुण नोकऱ्या मागायला बसले, भ्रष्ट मंत्री हटवा म्हणाले, त्यात माणसं मेली. त्यानंतर मंत्री बदलले, पन्नास हजार नोकऱ्यांचा वायदा झाला आणि दोन्ही सभागृहांना कायदे करण्यात काही अधिकार मिळाले. कागदावरची परिषद तीस वर्षं होती, पण तो अधिकार मिळायला रस्त्यावर यावं लागलं. हे मी झाकणार नाही.

तरी देखावा म्हणवत नाही, त्याचं कारण माझ्या टेबलावर घडलं. माझ्या हाताखाली समाइल गावचा एक मुलगा शिकायला दिला होता. गावातल्या पहिल्या नव्या शाळेतला, तिच्या पहिल्या तुकड्यांतला. त्याचा बाप खजुराच्या बागेत राबणारा, निरक्षर. ओमानीकरणाचं, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी ओमानी नेमायचं, धोरण १९८८ पासून जोरात होतं आणि माझी खुर्ची त्याला द्यायची हे आम्हा दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तसं ठरलेलं असूनही मी त्याला सगळं शिकवलं : रोजकीर्द, खतावणी, तसलमात, लेखाशीर्ष. एके सकाळी एका बड्या शेखचा माणूस आला. ठेकेदाराचं देयक आजच काढा म्हणाला. प्रमाणकं अपुरी, आणि त्या शीर्षाखाली तरतूदच शिल्लक नव्हती. मी बाहेरचा, माझी मान आपोआप खाली गेली. मुलानं आधी उठून त्याला कॉफी दिली, खजूर पुढे केले, घरच्या सगळ्यांची विचारपूस केली. मग वही बंद करून तिच्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, तरतुदीचा क्रमांक आणा. त्याशिवाय मला हे वहीत लिहिता येत नाही." माणूस तडक वर, सचिवांकडे गेला. अर्ध्या तासानं कागद खाली आला. कडेला सचिवांनी दोनच शब्द लिहिले होते : नियमाप्रमाणे व्हावं.

सगळ्या कचेऱ्यांत असंच होत होतं असा माझा दावा नाही. पण त्या दिवशी शेख, सचिव आणि मजुराचा मुलगा, तिघं एका वहीपुढे सारखे झाले. पक्ष नसलेल्या, सरकार बदलायची सोय नसलेल्या देशात ही वही मला फार मोलाची वाटते. तिच्यावर अजून मताचा अधिकार वाढायला हवा, हेही तितक्याच ठामपणे वाटतं.

आणि एक परीक्षा सगळ्यांनी पाहिली. काबूसना मूल नव्हतं. १९९६ च्या कायद्यात सहावं कलम होतं : गादी रिकामी झाल्यापासून तीन दिवसांत राजघराण्याच्या परिषदेनं वारस निवडावा, एकमत झालं नाही तर सुलतानानं लिहून ठेवलेलं पत्र उघडावं. तलवारीनं आणि बंडानं ज्या घराण्यात गाद्या बदलल्या, खुद्द काबूसनीही तशीच घेतली, तिथे लिफाफ्यावर विसंबायचं, हे मला १९९६ मध्ये खरं वाटलं नव्हतं. १० जानेवारी २०२० रोजी काबूस गेले. दुसऱ्या दिवशी घराण्यानं सरळ पत्र उघडायला सांगितलं आणि दूरचित्रवाणीवर सगळ्यांसमोर लिफाफा फुटला. नाव निघालं हैथम बिन तारिक, १९७१ मध्ये पायउतार झालेल्या त्याच चुलत्यांचे पुत्र. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नव्या सुलतानांनी अर्थ आणि परराष्ट्र ही खाती स्वतःकडून सोडून तिथे पूर्ण हुद्द्याचे मंत्री नेमले. पंतप्रधानपद मात्र त्यांच्याकडेच राहिलं.

काबूस गेल्याची बातमी आली त्या रात्री समाइलच्या त्या मुलाचा मला फोन आला. आता तोही निवृत्तीला आला आहे. रडत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "उस्ताद, उद्या कचेरी नेहमीच्या वेळेला उघडणार आहे." सुट्टी जाहीर झाल्यावर त्यानं पुन्हा फोन करून तेवढी दुरुस्ती केली.

प्रश्न : मुलाला मस्कतला नोकरी लागली आहे. अडचण आली तर त्यानं कोणत्या दारात जायचं?
(एक आई, सांगली)

ताई, तिथे व्हिसा, निवासकार्ड, वाहन परवाना आणि बंदरावरची तपासणी ही कामं रॉयल ओमान पोलिसांकडे आहेत. आपल्याकडे पोलीस म्हटलं की पोटात गोळा येतो, पण तिथे ते रोजच्या कागदपत्रांचं खातं आहे, त्याला न घाबरता जाऊ द्या. पगाराची किंवा कामाची तक्रार कामगार मंत्रालयात. मालकानं पासपोर्ट स्वतःकडे ठेवायचा नसतो. नोकरी बदलायला जुन्या मालकाची ना-हरकत लागायची ती अट १ जानेवारी २०२१ पासून निघाली आहे, करार संपल्याचं दाखवता आलं पाहिजे. करार अरबीत असतो आणि वाद झाला तर अरबी प्रतच धरतात. म्हणून सही करण्याआधी तो कोणाकडून तरी ओळ न् ओळ वाचून घ्यायला सांगा, त्याची एक प्रत त्याच्याजवळ राहू दे आणि एक तुम्ही सांगलीच्या कपाटात ठेवा. तक्रार दिली की तिचा क्रमांक मागून घ्यायचा आणि तो तारखेसह लिहून ठेवायचा.